मग-पेनांचं बजेट संस्थेला द्यायचं असेल तर

लोगो छापलेले मग, पेनं, टोप्या, किचेन, कापडी पिशव्या यांवरचा खर्च बंद करून तेच पैसे एखाद्या सेवाभावी संस्थेला द्यावेत, ही कल्पना छोट्या कंपन्यांत दरवर्षी कोणीतरी काढतं. मीटिंगमध्ये सगळ्यांना ती आवडते आणि पुढे ती बारगळते. कारण बहुतेकदा एकच असतं. पेनांची ऑर्डर देताना आपण कोटेशन मागवतो, नमुना हातात घेऊन पाहतो, तारीख बांधून घेतो, बिल तपासतो. देणगीच्या बाबतीत 'वर्षअखेरीला बघू' असं ठरतं आणि वर्षअखेरीला जे उरतं ते दिलं जातं. पेनांची ऑर्डर उरलेल्या पैशातून कोणी देत नाही. देणगीलाही ऑर्डरसारखंच वागवायचं: आधी रक्कम, त्यानंतर संस्था, त्यानंतर प्रत्यक्ष पैसे, आणि सगळ्यात शेवटी वाच्यता, तीही जेमतेम.

रक्कम काढताना लोक वस्तूच्या दराला नगांनी गुणून मोकळे होतात. खरा खर्च त्याहून बराच मोठा असतो. छपाईवाल्याची किमान ऑर्डर असते. तुम्हाला १८० नग हवेत आणि किमान ऑर्डर २५० ची असेल तर ७० नग पहिल्या दिवसापासूनच कपाटात पडून राहणार असतात. सेटअप चार्ज, म्हणजे छपाईच्या तयारीचे पैसे, वेगळा, आणि तो रंगागणिक वाढतो. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची स्वतंत्र स्क्रीन लागते, पेनासारख्या गोल वस्तूंवर चालणाऱ्या पॅड प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची स्वतंत्र प्लेट. लोगोत तीन रंग म्हणजे तीन सेटअप. टी-शर्ट असतील तर मधले साइज लगेच संपतात, टोकाचे उरतात, आणि वर्षभरात लोगो किंवा पत्ता बदलला की तेही बाद.

सगळ्यात जास्त चटका कुरिअर लावतं. हलक्या पण फुगीर खोक्याला कुरिअरवाले काट्यावरच्या वजनाऐवजी आकारमानाचा दर लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, येईल ते किलोतलं वजन. हा भाजक बऱ्याच कंपन्यांत चालतो. ३० × २० × १५ सेंमीच्या खोक्यात एक मग आणि एक टोपी ठेवली तर काटा जेमतेम ६०० ग्रॅम दाखवेल, बिल मात्र १.८ किलोचं येईल. शिवाय पत्ते गोळा करणं, ते तपासणं, लेबलं चिकटवणं, 'पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत आलेली खोकी पुन्हा पाठवणं. एका खोक्यामागे सगळं मिळून १० मिनिटं धरली तरी १८० खोक्यांचे ३० तास होतात.

उदाहरणादाखल असा हिशेब मांडून पाहा. वस्तूंचा खर्च १०० धरा. सेटअप आणि डिझाइनचे ८, माल आणण्याचे ६, पॅकिंग आणि कुरिअरचे ४५, माणसांच्या तासांचे २५. एकूण १८४. हे प्रमाण प्रत्येकाचं वेगळं निघेल, तुमचं मागच्या वर्षीच्या बिलांवरून काढा. यातला कोणता आकडा द्यायचा? माझ्या मते १५९. म्हणजे खिशातून खरोखर बाहेर जाणारा पैसा पूर्ण द्यायचा, आणि माणसांचे वाचलेले तास देणगीच्या कामासाठी वापरायचे, कारण संस्था निवडायलाही वेळ लागतोच. फक्त १०० देऊन 'भेटवस्तूंचं सगळं बजेट दिलं' असं लिहिलं तर ते खोटं ठरतं, आणि हिशेब ठेवणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतं.

सगळंच बंद करायची गरज नाही. कर्मचाऱ्यांचे कामावर घालायचे टी-शर्ट, ग्राहकाला दाखवायचे मालाचे नमुने, स्टॉलवरच्या टेबलावर फॉर्म भरायला ठेवलेली चार पेनं, या कामाच्या वस्तू आहेत. त्या राहू द्या. जायला हवं ते जे कोणी मागितलेलं नसतं आणि नाही म्हणणं अवघड वाटतं म्हणून घेतलं जातं. पेन ड्राइव्ह तर अनेक कार्यालयांत सुरक्षेच्या नियमांमुळे संगणकाला लावूही देत नाहीत. पॉवर बँकमध्ये लिथियम बॅटरी असल्यानं ती विमानात चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या सामानातच न्यावी लागते. बाहेरगावाहून प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्याला ती दिली की परतीच्या वाटेवर, बॅग देऊन झाल्यावर काउंटरवर त्याची पंचाईत होते.

'आम्ही प्लॅस्टिक सोडून कापडी पिशव्या देतो' हाही बचाव फार ताणू नये. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार तापमानवाढीचा निकष लावला तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात, तुलनेची पद्धत वेगळी असल्यानं, हा आकडा हवामानापुरता ५२ आला. पण ओझोनच्या हानीसह सगळे निकष धरले तर साध्या सुती पिशवीसाठी तो ७१०० झाला. एक पिशवी वर्षानुवर्षं वापरणाऱ्याची गोष्ट वेगळी. प्रदर्शनातून एका दिवसात पाच पिशव्या घेऊन जाणारा माणूस एवढ्या फेऱ्या कधी मारणार?

आता कर. इथे 'पेनांचे १०० आणि देणगीचे १०० सारखेच' असं धरून चालणारे हमखास ठेचकाळतात. प्रचाराचा खर्च, भेटवस्तू, देणगी आणि प्रायोजकत्व हे हिशेबात चार वेगळे प्राणी आहेत आणि प्रत्येक देशात त्यांचे नियम वेगळे. अमेरिकेत व्यवसायातल्या भेटींची वजावट माणशी वर्षाला २५ डॉलरपर्यंतच मिळते, आणि ही मर्यादा १९६२ पासून वाढलेली नाही. ब्रिटनमध्ये भेटीवर कंपनीची ठळक जाहिरात असेल, ती खाद्यपेय किंवा तंबाखू नसेल आणि माणशी वर्षाचा खर्च ५० पौंडांच्या आत असेल, तर ती खर्चात धरता येते. भारतात फुकट वाटलेल्या भेटवस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करता येत नाही. देणगीवर सगळे जिला ८०जी म्हणून ओळखतात ती आयकरातली वजावट आहे, पण २००० रुपयांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही आणि वस्तुरूपानं दिलेलं काहीच बसत नाही. सवलतीचा २२ टक्क्यांचा कर दर निवडलेल्या भारतीय कंपनीला तर ती वजावटच नाही. तेव्हा रक्कम जाहीर करण्याआधी, आर्थिक वर्ष संपायच्या बरंच आधी, कर सल्लागाराला एकच प्रश्न विचारा: 'हीच रक्कम प्रचारखर्च म्हणून गेली तर करानंतर आम्हाला कितीला पडते, आणि देणगी म्हणून गेली तर कितीला?' उत्तर पाहून रक्कम थोडी कमी करावी लागली तर करा, पण आधी जाहीर करून नंतर कमी करू नका.

प्रायोजकत्वाची रेघही इथेच ओळखून ठेवा. संस्थेनं आभार मानताना तुमचं नाव घेतलं, तर ती सहसा देणगीच राहते. संस्थेच्या कार्यक्रमात तुमचा बॅनर, स्टॉल, मोफत प्रवेशिका आणि पत्रकावर तुमच्या मालाची जाहिरात, अशी परतफेड ठरली की ते प्रायोजकत्व होतं. ब्रिटनमध्ये तसं झालं की संस्थेला त्यावर व्हॅट लावावा लागू शकतो. प्रायोजकत्व वाईट नाही, कधीकधी करासाठी तेच सोयीचं पडतं. पण काय करतोय ते आधी ठरवा. देणगीची पावती घ्यायची आणि बॅनरही मागायचा, हे जमत नाही.

संस्था निवडताना मोठ्या नावाकडे ओढा असतो. माझा कल उलटा आहे. तुमची रक्कम जिच्या वर्षाच्या खर्चात दिसेल इतकी मोठी ठरेल, अशी संस्था शोधा. वर्षाला २०० एककं खर्च करणाऱ्या संस्थेला तुमची १० एककं म्हणजे एका माणसाचे काही महिन्यांचे पगार असू शकतात. मोठ्या संस्थेत ती एका ओळीतही दिसणार नाहीत. तपासणी मात्र दोन्हीकडे सारखीच: नोंदणी चालू आहे का, गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मिळतात का, बँक खातं संस्थेच्या नावावर आहे का (व्यक्तीच्या नावावर असेल तर तिथेच थांबायचं), पावती कोण आणि किती दिवसांत देतं, आणि तुमच्या व्यवसायातून आलेला पैसा त्यांना चालतो का. मद्य, तंबाखू, जुगार, कर्जवसुली अशा धंद्यांचे पैसे न घेणाऱ्या संस्था आहेत. संस्थेचं नाव छापून झाल्यावर हे कळलं तर दोघांचीही शोभा.

'तुमच्या खर्चातले किती टक्के प्रशासनावर जातात?' हा प्रश्न सगळे विचारतात. तो फारसा कामाचा नाही. भाडं, हिशेबनीस, वीजबिल हेही कामच आहे, आणि हा आकडा कमी दाखवायची सवय लागलेल्या संस्था माणसांना कमी पगार देऊन तो कमी ठेवतात. त्याऐवजी असं विचारा: 'ही रक्कम कशासाठी वापरायची याची आम्ही काहीच अट घातली नाही, तर तुम्ही ती कुठे लावाल?' उत्तर ठोस आलं, म्हणजे 'गाडीचा इंजिनदुरुस्तीचा खर्च अडलाय' किंवा 'शिक्षिकेचे चार महिन्यांचे पगार', तर बहुधा काम जाणणारी माणसं आहेत. उत्तर नुसतंच गोड आलं तर अजून चौकशी करा. आणि शक्य तोवर अट न घालताच द्या. अटीच्या पैशाचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो, आणि लहान संस्थेत ते काम रात्री बसून तोच माणूस करतो जो दिवसा प्रत्यक्ष काम करतो.

मागू नयेत अशा दोन गोष्टी. लाभार्थ्यांचे, विशेषतः मुलांचे फोटो. आणि तुमच्या लोगोसह खास तुमच्यासाठी बनवलेला अहवाल. त्यांचा वर्षाचा नेहमीचा अहवाल पुरतो. आणखी एक, कपाटात उरलेले जुने टी-शर्ट आणि मग 'देणगी' म्हणून त्याच संस्थेत नेऊन टाकू नका. त्यांनी मागितले तर गोष्ट वेगळी. नाहीतर तुमची अडगळ फक्त एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाते.

पैसे देण्याची रीत साधी आहे. संचालकांचा ठराव किंवा निदान लेखी मंजुरी, त्यात संस्थेचं पूर्ण नाव, रक्कम, तारीख. बँकेतून थेट हस्तांतर. सोबत दोन ओळींचं पत्र: रक्कम किती, अट आहे की नाही, पावती कोणाच्या नावे. भारतीय कंपन्यांसाठी एक मर्यादा लक्षात ठेवायची: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांपलीकडे एका आर्थिक वर्षात देणग्या जाणार असतील तर संचालक मंडळाची सही पुरत नाही, सर्वसाधारण सभेची आधी परवानगी लागते. पैसे एकरकमी द्यायचे की चार हप्त्यांत, हे संस्थेला विचारा. बऱ्याच लहान संस्थांना मोठ्या रकमेपेक्षा ठरलेल्या तारखेला येणारी रक्कम जास्त उपयोगी पडते. हप्ते ठरवले तर ते बँकेत आपोआप जातील असे लावून टाका. तिसरा हप्ता विसरला जातोच.

बोलण्याचा भाग सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त बिघडणारा. पहिला सापळा 'तुमच्या नावानं आम्ही देणगी दिली' या वाक्याचा. ग्राहकानं ती मागितली नव्हती, संस्था त्यानं निवडलेली नाही, आणि पावती तुमच्या कंपनीच्या नावावर आहे. 'तुमच्या नावानं' हे वाक्य त्यामुळे खरंच नाही. दुसरा सापळा 'नफ्याचा काही भाग'. काही म्हणजे किती? नफा झाला नाही तर? त्यापेक्षा ग्राहकाला जाणारं पत्र असं असावं:

'यंदा आम्ही भेटवस्तू पाठवत नाही. त्यांसाठी, छपाई आणि कुरिअरसह, ठेवलेली सगळी रक्कम (इथे आकडा) आम्ही (इथे संस्थेचं नाव) या संस्थेला (इथे तारीख) रोजी दिली आहे. ती कशी वापरायची हे संस्थाच ठरवेल.'

बस. खाली सही. यात भूतकाळ आहे हे पाहा: दिली आहे, देणार आहोत नव्हे. संस्थेचं नाव छापण्याआधी तिची लेखी परवानगी घ्या, लोगो वापरायचा असेल तर तिनं दिलेलीच फाइल वापरा. आकडा लिहायला संकोच वाटत असेल तर रक्कम तरी वाढवा किंवा पत्र तरी पाठवू नका. आकड्याविना हे पत्र म्हणजे पोस्टाच्या खर्चानं केलेली जाहिरात.

देणगी विक्रीला जोडली की प्रकरण बदलतं. 'एक विकत घ्या, आम्ही अमुक संस्थेला इतके देऊ' असं म्हटलं की इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ च्या चॅरिटीज ॲक्टखाली तुम्ही 'कमर्शियल पार्टिसिपेटर', म्हणजे संस्थेच्या नावावर आपला माल खपवणारे व्यावसायिक, ठरता. त्यात संस्थेशी लेखी करार आणि किती रक्कम जाणार याचं स्पष्ट निवेदन ग्राहकापुढे ठेवणं आलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असेच कायदे आहेत. छोट्या कंपनीनं या वाटेला जाऊच नये असं मला वाटतं. ठरलेली सपाट रक्कम द्या, तिला कोणाच्या खरेदीची अट नको.

स्टॉलवर काहीच नसेल तर लोक थांबत नाहीत, ही विक्रीवाल्यांची तक्रार रास्त आहे. त्यावर चकत्या टाकून मत देण्याचा उपाय चांगला चालतो: येणाऱ्याला एक चकती द्यायची आणि देणगीचा जास्त वाटा ज्या संस्थेला जावा तिच्या नळीत ती त्यानं टाकायची. पण बांधणी नीट हवी. तीन पारदर्शक ॲक्रिलिकच्या नळ्या, एकेका संस्थेच्या नावाच्या, प्रत्येकी ६० सेंमी उंच. २५ मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या चकत्या. एका नळीत ३०० बसतात. नळीचा आतला व्यास २८ मिमीच्या आसपास ठेवा. ४० मिमीची नळी घेतली की चकत्या आडव्या-उभ्या पडतात, मध्येच अडकतात, आणि कोणत्या नळीत जास्त हे दुरून कळत नाही, म्हणजे सगळी गंमतच जाते. तळाला काढता येणारं झाकण हवं. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून मोजायचं, कागदावर आकडा आणि दोघांच्या सह्या. चकत्यांवर लोगो छापू नका, नाहीतर लोक त्या खिशात घालून नेतात आणि आपण पुन्हा भेटवस्तूच वाटत असतो.

एकूण रक्कम चकत्यांवर ठरवू नका, फक्त वाटणी ठरवा. प्रत्येक संस्थेला २० टक्के नक्की, उरलेले ४० टक्के मतांच्या प्रमाणात. कारण खुल्या मतदानात लहान मुलं आणि कुत्री-मांजरं नेहमी जिंकतात. व्यसनमुक्ती किंवा सुटलेल्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं तुमच्या स्टॉलला नाव उसनं द्यावं आणि तिच्या हाती काहीच लागू नये, हे बरोबर नाही. स्टॉलवर क्यूआर कोड लावून 'प्रत्येक स्कॅनमागे इतके देऊ' म्हणणं त्याहून घातक. एकच माणूस पन्नास वेळा स्कॅन करतो, देणं किती वाढेल याला धरबंध राहत नाही, आणि संस्थेला शेवटच्या दिवसापर्यंत आकडा कळत नाही. करायचंच असेल तर किमान आणि कमाल दोन्ही आधी छापा.

ग्राहकानं स्वतः संस्था निवडावी म्हणून कोड असलेली कार्डं पाठवण्याची पद्धतही आहे; तो कोड वापरून ग्राहक तुमची रक्कम आपल्या पसंतीच्या संस्थेला देतो. त्यात बरेच कोड वापरलेच जात नाहीत. न वापरलेली रक्कम कोणाकडे राहते हे कार्डं पुरवणाऱ्याच्या करारात वाचा, आणि 'ठरावीक तारखेनंतर उरलेलं सगळं अमुक संस्थेला' असं लिहून घेता येत नसेल तर ती कार्डं घेऊ नका.

मोठ्या किंवा सरकारी ग्राहकांच्या बाबतीत भेटवस्तू बंद करण्याचा एक वेगळाच फायदा आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला एका वेळी २० डॉलरच्या आणि एकाच देणाऱ्याकडून वर्षात ५० डॉलरच्या पलीकडची भेट सहसा घेता येत नाही, बऱ्याच कंपन्यांतही असे नियम असतात. भेटच नसली की हा हिशेब संपतो. पण 'आमच्या ऐवजी अमुक संस्थेला द्या' असं खरेदीचा निर्णय घेणाऱ्या माणसानंच सुचवलं तर सावध व्हा. शेरिंग-प्लाउ या औषध कंपनीच्या पोलंडमधल्या शाखेनं जुन्या वास्तू जपणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या प्रतिष्ठानाला देणग्या दिल्या होत्या. त्या प्रतिष्ठानाचा प्रमुख सरकारी आरोग्य निधीचा संचालक होता आणि औषधखरेदीवर त्याचा प्रभाव होता. या रकमांची हिशेबात साध्या देणग्या म्हणून केलेली नोंद अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या रोखे आयोगाला पटली नाही, आणि २००४ मध्ये कंपनीनं ५ लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. संस्था खरी असणं पुरत नाही. तिच्या विश्वस्तांची यादी आणि तुमच्या मोठ्या ग्राहकांची यादी एकदा शेजारी ठेवून पाहा.

दुसऱ्या वर्षी संस्था बदलायचा मोह होतो, नवं पत्र लिहायला नवा विषय मिळतो म्हणून. निदान तीन वर्षं एकीलाच द्या, आणि तसं पहिल्याच पत्रात कळवा. तीन वर्षांचा भरवसा असला की ती त्यावर माणूस नेमू शकते. थांबायचं झालं तर त्यांचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बनायच्या किमान तीन महिने आधी लेखी कळवा, आणि शेवटचा हप्ता कोणत्या तारखेचा हे त्यात स्पष्ट लिहा.